चिखलाने ठरवलेलं चेंबर

रायफलच्या अचूकतेचा विषय निघाला की बोलणं थेट नळीवर जातं. आत खाचा किती, पीळ किती इंचांत पुरा होतो, नळी लांब की आखूड. मी आयुष्यभर भोसरीच्या टूलरूममध्ये भोक नेमक्या मापाला कापणारे रीमर आणि ते माप तपासणारे गेज बनवले. त्यामुळे माझी नजर नळीच्या मागच्या टोकाला जाते, काडतूस बसतं त्या पोकळीकडे. तिला चेंबर म्हणतात. ब्रिटिश सैन्याच्या थ्री-नॉट-थ्री रायफलमध्ये, म्हणजे ली-एनफिल्डमध्ये, ही पोकळी जेमतेम सव्वादोन इंच खोल असते. दुसऱ्या महायुद्धात मशीनचा वेळ वाचवायला ली-एनफिल्डच्या नळीत पाचाऐवजी दोनच खाचा कापायला मंजुरी मिळाली. चाचण्यांत त्या नळ्यांचा नेम पाच खाचांच्या नळ्यांच्या जवळपास तोडीस तोड निघाला. खाचांमध्ये एवढी काटकसर चालली. चेंबरमध्ये अशी सवलत नसते. लहान कापलं तर काडतूस आत जात नाही, फार मोठं झालं तर पितळ फाटतं, आणि या दोन टोकांच्या मध्ये कुठे थांबायचं त्यावर नेम ठरतो.

माझे वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. हा कारखाना १८६९ चा. तिथली थ्री-नॉट-थ्रीची काडतुसं साऱ्या जगभर गेली. बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ ही दोन अक्षरं असलेल्या पुंगळ्या, म्हणजे उडवलेल्या काडतुसांची रिकामी पितळं, आजही परदेशातल्या संग्राहकांकडे सापडतात. वडील कारखान्यातलं काही घरी बोलत नसत. पण मी आयटीआयला लागलो तेव्हा त्यांनी गेज कसं धरायचं ते दाखवलं. ‘गो’ गेज, म्हणजे माप बरोबर असेल तर आत जाणारं गेज, स्वतःच्या वजनाने आत गेलं पाहिजे, ढकलायचं नाही. ढकललंस तर तू माप घेत नाहीस, स्वतःची समजूत घालतोस, असं ते म्हणाले. पुढे रायफलींचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा कळलं, की साम्राज्यांच्या शस्त्रखात्यांना हेच शिकायला माणसं गमवावी लागली.

चेंबरच्या आत काय घडतं, ते आधी सांगतो. काडतूस म्हणजे पितळी नळी, तिच्यात दारू, बुडाशी ती दारू पेटवणारा प्रायमर, तोंडात गोळी. नळी पुढे निमुळती होते तिथे तिचा खांदा, त्यापुढे गोळी धरणारी मान. घोडा ओढला की आतला दाब चौरस इंचाला अठरा-एकोणीस टनांवर जातो. पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं आणि वायू मागे येऊ देत नाही. गोळी निघून गेली की पितळ केसभर आकसतं, म्हणून पुंगळी ओढून काढता येते. पण गोळी सुटण्याआधी काडतूस चेंबरमध्ये सैल पडलेलं असतं, तळाला टेकलेलं. त्याचा अक्ष नळीच्या अक्षाशी जुळेलच असं नाही. गोळी तिरकी खाचांत शिरली तर तिरकीच कोरली जाते, आणि पुढे साऱ्या प्रवासात ते तिरकेपण तिच्याबरोबर राहतं. लेथवर सेंटर चुकलेला जॉब कितीही नीट फिरवला तरी चुकीच्याच अक्षाभोवती कापला जातो, तसंच हे.

थ्री-नॉट-थ्री काडतूस ब्रिटिश सैन्याने १८८८ मध्ये ली-मेटफर्ड रायफलबरोबर घेतलं. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड आहे, रिम. काडतूस चेंबरमध्ये या रिमवर अडतं. म्हणजे ते पुढे किती जाणार हे फक्त रिमची जाडी आणि चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टच्या पुढची जागा या दोन मापांवर ठरतं. रिमची जास्तीत जास्त जाडी ६४ थाऊ, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बोल्टपुढची जागा किमान ६४ आणि वापरात ७४ थाऊपर्यंत चालवली जाई. रिम ६४ पेक्षा दहा थाऊ पातळ असली तरी पास. पातळ रिम आणि मोकळी रायफल एकत्र आली की काडतूस वीस थाऊ मागेपुढे हलणार. माझ्या टूलरूममध्ये एवढा खेळ असलेला जॉब मी भंगारात टाकला असता. पण रिम हीच अडवणारी जागा, त्यामुळे खांद्यापुढे चेंबर कितीही मोकळं ठेवलं तरी काडतूस उडतंच. डिझाइन करणाऱ्यांनी ही मुभा पुरेपूर वापरली. ली-एनफिल्डचं चेंबर काडतुसापेक्षा सर्वत्र ऐसपैस आहे. उडवलेली पुंगळी पाहिली तर खांदा सरळ पुढे गेलेला दिसतो.

या ऐसपैसपणाला कारण होतं. काडतुसं हजारो मैलांवरच्या कारखान्यांत, वेगवेगळ्या मशीनवर, वेगवेगळ्या हातांनी बनत. खुद्द थ्री-नॉट-थ्रीची घडण विचित्र होती. कॉर्डाइट नावाची दारू शेवयांसारख्या लांब दोऱ्यांची असे. तयार काडतुसाच्या अरुंद मानेतून तो जुडगा आत जाईना, म्हणून पितळी नळी सरळ असतानाच तो भरायचा आणि मगच खांदा आणि मान दाबून काढायची. दारू भरलेल्या पितळावर शेवटचं माप काढायचं, हे काम किती जपून होत असेल! अशा काडतुसांच्या मापांत थोडा फरक राहणारच. चेंबरने तो पोटात घ्यायचा, ही कल्पना.

कॉर्डाइटने आणखी एक गोष्ट केली. तिची आच इतकी, की चेंबर संपून खाचा सुरू होतात तो घसा आधी जळू लागला. विल्यम मेटफर्ड या इंजिनिअरच्या उथळ, गोलसर खाचा त्याआधीच्या काळ्या दारूला छान होत्या. हा मेटफर्ड १८५७ मध्ये रेल्वेच्या नोकरीसाठी मुंगेरला आला होता आणि प्रकृती ढासळल्याने लवकरच परत गेला. बंदुकांच्या कारागिरीसाठी ओळखल्या जाणाऱ्या मुंगेरमध्ये त्याचं पाऊल पडलं होतं, हे वाचून मला फार गंमत वाटली. त्याच्या खाचा कॉर्डाइटपुढे टिकल्या नाहीत आणि १८९५ मध्ये खोल, चौकोनी कडांच्या एनफिल्ड खाचा आल्या. मेटफर्ड जाऊन ली-एनफिल्ड हे नाव झालं ते असं.

आता कॅनडाची गोष्ट. चेंबरचा इतिहास सांगायचा तर तिच्याशिवाय सांगताच येत नाही. स्कॉटलंडचा सरदार सर चार्ल्स रॉस याने एक रायफल काढली आणि क्विबेकमध्ये कारखाना घातला. तिचा बोल्ट वळवायचा नाही, सरळ मागे ओढायचा. १९१० चं तिचं तिसरं रूप साडेतीस इंची नळीचं होतं, आणि चेंबर काडतुसाला तंतोतंत. क्विबेकच्या सरकारी शस्त्रागारातली काडतुसं काटेकोर मापाची असत. ती या चेंबरमध्ये नीट बसत आणि निशाण्यावर रॉस ली-एनफिल्डला मागे टाकी. कॅनडाचे नेमबाज ती घेऊन इंग्लंडमधल्या बिस्ली मैदानावर उतरले तेव्हा जाणकारांनी तिची वाहवा केली. कारागिराच्या नजरेने पाहिलं तर ती वाहवा रास्त होती. काडतूस आणि चेंबर यांच्यातली फट कमी ठेवली की गोळी सरळ सुटते, हे रॉसने सिद्ध केलं होतं.

एप्रिल १९१५ मध्ये कॅनडाची पहिली डिव्हिजन बेल्जियममध्ये ईप्र शहराजवळ खंदकांत होती. २२ तारखेला जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला आणि बाजूची फळी कोसळली. कॅनडाच्या सैनिकांना उभं राहून भराभर गोळ्या झाडायच्या होत्या. हातातली काडतुसं आता ब्रिटिश होती, युद्धाच्या घाईत बनलेली, मापाने सैलसर. बरोबर फ्लँडर्सचा चिखल. थोड्या गोळ्यांनंतर नळी तापली आणि पुंगळ्या चेंबरला चिकटून बसल्या. वळवायच्या बोल्टमध्ये दांडा उचलताना उतार पुंगळीला आधी थोडं सैल करतो. सरळ ओढायच्या बोल्टमध्ये ती ताकद फार थोडी. माणसं बुटाने आणि फावड्याच्या दांड्याने बोल्ट मारून उघडत होती. त्यात आणखी एक दोष होता. बोल्ट मागे येऊन ज्या खिट्टीवर आदळे, ती बोल्टला जागी धरणाऱ्या मागच्या लॉकिंग कडेलाच लागे, कड चेपे आणि मग बोल्ट नीट बंदही होईना. लढाईतून वाचलेल्यांपैकी सुमारे दीड हजार जणांनी रॉस टाकून मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एनफिल्ड उचलल्या होत्या.

शत्रू समोर असताना हातातलं हत्यार उघडत नाही, हे वर्णन ज्याने यंत्रावर काम केलं आहे त्याला वाचवत नाही. कॅनडाच्या फौजेचे प्रमुख जनरल ऑल्डरसन यांनी तक्रारी वर पाठवल्या. संरक्षण खात्याचे मंत्री सॅम ह्यूज रॉसचे कट्टर पाठीराखे होते, त्यांनी दोष काडतुसांवर ढकलला. काडतुसं सैलसर होती हे खरं. पण सैनिकाला जी काडतुसं मिळणार होती तीच खरी काडतुसं, हे मंत्र्यांनी मानायला हवं होतं. रॉसची चेंबर नंतर रीमरने मोठी करण्यात आली, ब्रिटिश मापाला आणण्यात आली. तोवर विश्वास उडाला होता. पहिल्या डिव्हिजनकडून ती १९१५ च्या जूनमध्ये काढली, बाकीच्यांकडून १९१६ मध्ये. १९१६ सरण्याआधी ऑल्डरसनची बदली झाली होती आणि ह्यूजचं मंत्रिपदही गेलं होतं.

एका गटाने मात्र रॉस सोडली नाही: लपून नेम धरणाऱ्या निशाणबाजांनी. ते काडतुसं निवडून घेत, पुसून ठेवत, दिवसभरात मोजक्याच गोळ्या झाडत. फ्रान्सिस पेगामागाबो हा ओजिब्वे जमातीचा सैनिक त्या युद्धातला सर्वांत नावाजलेला निशाणबाज. त्याच्या हाती रॉसच होती. घट्ट चेंबरचे सगळे फायदे या माणसांना मिळाले, कारण त्याची अट ते पाळू शकत होते. खंदकातल्या साध्या सैनिकाला ती पाळणं शक्य नव्हतं. त्याच्यासाठी ऐसपैस चेंबर हाच योग्य निर्णय होता, असं माझं ठाम मत आहे. गोळी चार इंच इकडेतिकडे गेली तर चालेल, पण पुढची गोळी सुटलीच पाहिजे.

ली-एनफिल्डकडून अपेक्षा किती होती, हे तिच्या स्वीकृती चाचणीवरून कळतं. तिच्या नंबर चार या रूपाला १०० फुटांवर पाचपैकी चार गोळ्या एक इंच रुंद आणि दीड इंच उंच चौकटीत मारल्या की पास. १०० यार्डांवर हाच पसारा सुमारे तीन बाय साडेचार इंच होतो. युद्धाला एवढं पुरे.

युद्धाच्या गडबडीपासून दूर, अमेरिकेत, काही माणसं शांतपणे हाच प्रश्न उलट्या बाजूने सोडवत होती. मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्डचा डॉक्टर फ्रँकलिन मान कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडं चिरायची यंत्रं बनवून पैसे मिळवी आणि ते गोळीच्या अभ्यासावर खर्च करी. त्याने नळ्या काँक्रीटच्या ओट्यावर जखडल्या, म्हणजे माणसाचा हात आणि खांदा हिशेबातून गेला. तरी गोळ्या पांगत होत्या. मग त्याने गोळ्या मुद्दाम एका बाजूने कापून, तिरक्या बसवून सोडल्या आणि त्या कुठे लागतात ते वर्षानुवर्षं टिपलं. १९०९ च्या त्याच्या पुस्तकाचा माझ्या कामापुरता अर्थ असा, की नळी सोडताना गोळी स्वतःच्या अक्षावर नसेल तर तिचं पुढे काय होणार ते नळीच्या तोंडाशीच ठरलेलं असतं. आणि ती अक्षावर आहे की नाही, हे चेंबर आणि घशात ठरतं.

त्याच काळातला हॅरी पोप हा नळ्या कापणारा कारागीर, एकेक नळी हाताने. १९०६ च्या भूकंपात त्याचं सॅन फ्रान्सिस्कोचं दुकान गेलं, तो परत पूर्वेला येऊन कामाला लागला. चेंबरचा प्रश्न पोपने विलक्षण पद्धतीने मिटवला. त्याच्या नेमाच्या रायफलींत गोळी नळीच्या पुढच्या तोंडातून ठासायची आणि नुसती दारू भरलेली पितळी नळी मागून चेंबरमध्ये ठेवायची. गोळीला चेंबरमधून उडी मारून खाचांत शिरायचंच नाही, ती आधीच खाचांत कोरलेली आणि सरळ बसलेली. १९०१ मध्ये पोपच्या नळीतून रोलंड नावाच्या नेमबाजाने २०० यार्डांवर मारलेल्या दहा गोळ्यांचा गट पाऊण इंचाहून लहान होता. शिशाच्या गोळीने! तो आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक खाली ठेवून वडिलांना सांगायला गेलो.

चेंबर आणि काडतूस एकमेकांना किती बांधलेली असतात याचं सरकारी उदाहरणही अमेरिकेचंच. १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलचं काडतूस जड, बोथट गोळीचं होतं. १९०६ मध्ये हलकी टोकदार गोळी आली आणि काडतुसाची मान ७० थाऊंनी आखूड झाली. नवं काडतूस जुन्या चेंबरमध्ये उडलं असतं, पण मानेपुढे रिकामी जागा आणि गोळीला लांब उडी. म्हणून तयार रायफलींच्या नळ्या उतरवून, मागून कापून ०.२ इंच मागे सरकवल्या आणि चेंबर नव्याने रीम केली. ७० थाऊंसाठी एवढा खर्च त्या खात्याने उचलला, याबद्दल मला त्या माणसांचा आदर वाटतो.

ऐसपैस चेंबरच्या थ्री-नॉट-थ्रीनेही बिस्लीवर मान मिळवला, तो वेगळ्या वाटेने. तिचा बोल्ट मागच्या बाजूने लॉक होतो, त्यामुळे दाबाखाली सगळी यंत्रणा किंचित लवते आणि नळीचं तोंड वर उचलतं. हळू गोळी उशिरा बाहेर पडते, तेव्हा तोंड थोडं जास्त वर असतं. दूरच्या पल्ल्यावर वेगातला फरक त्यामुळे आपोआप भरून निघतो. ८००-१००० यार्डांवर तिने जास्त ताठ रायफलींनाही टक्कर दिली ती यामुळे. पण याच लवण्यामुळे चेंबर कोरडं ठेवणं सक्तीचं झालं. पितळ भिंतीला घट्ट चिकटलं तर बोल्टवर जोर कमी येतो. तेल किंवा पावसाचं पाणी आत गेलं की पितळ घसरतं, बोल्टवर जोर वाढतो, लवणं बदलतं आणि गोळ्या वर-खाली सरकतात. जाणते नेमबाज पावसात काडतुसांवर फडकं टाकून बसत.

पुढे परदेशातल्या हौशी नेमबाजांनी सैल चेंबरचा एक सुंदर तोडगा काढला. उडवलेली पुंगळी त्या चेंबरचा साचा असतो. ती पूर्ण दाबून पुन्हा मूळ मापाला न आणता फक्त मान आवळायची, नवी दारू आणि गोळी घालायची, आणि त्याच रायफलमध्ये वापरायची. आता काडतूस रिमवर नव्हे, खांद्यावर टेकतं आणि मध्यात बसतं. सैन्याने चिखलासाठी ठेवलेली फट पितळाने भरून निघते. रायफल तीच, रीमर तोच.

आपल्याकडे थ्री-नॉट-थ्री कोलकात्याजवळच्या इशापूर कारखान्यात बनत असे. १९६० च्या दशकात तिथेच तिचं ७.६२ मिलिमीटर काडतुसाचं रूप निघालं. ७.६२ च्या काडतुसाला बाहेर आलेली रिम नाही, ते खांद्यावर अडतं, म्हणून खांद्याजवळ ढिलाई चालत नाही. त्याच कारखान्यातल्या एसएलआर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफलमध्ये तर चेंबरची जागा नेमकी बसवायला लॉकिंगचा तुकडा वेगवेगळ्या मापांत येई आणि प्रत्येक रायफलीला मोजून निवडावा लागे. एनसीसीच्या कॅम्पमध्ये ज्यांनी जुन्या थ्री-नॉट-थ्रीचा खांद्याला बसणारा दणका खाल्ला आणि पुढे फौजेत एसएलआर हाताळली, त्यांच्या हातांतून चेंबरच्या विचाराच्या दोन पिढ्या गेल्या आहेत.

१९७५ च्या सुमाराला अमेरिकेत लू पाल्मिसानो हा रक्तवाहिन्यांचा सर्जन आणि फेरिस पिंडेल हा टूल अँड डाय मेकर यांनी सहा मिलिमीटरचं पीपीसी काडतूस काढलं. मूळ पितळ २२० रशियन या काडतुसाचं. चेंबरची मान त्यांनी २६२ थाऊ ठेवली. तयार पितळ त्यात मावतच नाही. नेमबाजाने प्रत्येक काडतुसाची मान बाहेरून लेथसारख्या हत्याराने तासायची, भिंत सगळीकडे सारखी पातळ करायची, तेव्हा कुठे एक-दीड थाऊची फट राहून ते आत जातं. १०० यार्डांवर पाच गोळ्या पाव इंचाच्या आत पडणं या वर्गात अपेक्षितच आहे. पिंडेल माझ्या धंद्यातला होता. रीमर आणि काडतूस एकाच माणसाच्या देखरेखीखाली आलं की काय होतं, ते त्याने दाखवलं.

महाराष्ट्रात या गोष्टीचा आजचा धागा २२ बोअरच्या ५० मीटर रायफल नेमबाजीत आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला याच अंतरावर झोपून नेम धरण्याच्या प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जागतिक विजेतेपद जिंकलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक आणलं. तिथे दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. या स्पर्धांच्या रायफलींची चेंबर इतकी आखूड आणि घट्ट असतात, की बोल्ट बंद करतानाच गोळीचं शिसं खाचांत थोडं कोरलं जातं. पोपने गोळी पुढून ठासून जे साधलं होतं, ते इथे बोल्ट बंद करतानाच होतं. २२ बोअरचं काडतूस घरी भरता येत नाही, म्हणून जुळवून घ्यायची जबाबदारी निवडीवर येते. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं काडतूस, पण मशीनवर वेगवेगळ्या दिवशी बनलेल्या लॉटमध्ये शिशाचा व्यास, वंगण, रिमची जाडी केसभर बदलते. एका रायफलीला जो लॉट उत्तम, तो शेजारच्याच रायफलीत पांगतो. म्हणून मोठ्या स्पर्धांची तयारी करणारे नेमबाज आपली नळी कंपनीच्या चाचणी केंद्रावर नेतात, ती जखडून लॉटमागून लॉट झाडून पाहतात, सर्वांत लहान गट देणारा लॉट निवडतात आणि हंगामभर पुरतील एवढे खोके त्याच लॉटचे विकत घेतात. तो संपला की नळी पुन्हा उतरवायची आणि नव्या लॉटपासून सुरुवात करायची.